घरी प्रिंटर घ्यायचाय : फोटो आणि रोजचे कागद, दोन्हीसाठी (बेळगाव)

मोगरा_अनगोळ

नमस्कार मंडळी. घरात प्रिंटर घ्यायचं चाललंय आणि जो भेटेल तो वेगळंच सांगतोय. इथे रोज वापरणारे लोक आहेत म्हणून विचारते.

आधी गरज सांगते. मुलगा पीयूसीला (अकरावी-बारावी), मुलगी आठवीत. नोट्स, प्रोजेक्ट, हॉल तिकीट हे वर्षभर चालूच असतं. सासूबाईंच्या नावावर उचगावच्या बाजूला थोडी जमीन आहे, त्यामुळे उतारा, आधार, बँकेचे कागद, नाडकचेरीत (महसुलाच्या कचेरीत) द्यायच्या अर्जाच्या प्रती सारख्या लागतात. म्हणजे प्रिंट, स्कॅन, झेरॉक्स तिन्ही पाहिजे.

दुसरी गरज फोटोंची, आणि माझ्या मनात तीच पहिली आहे. सासरे गेले आणि त्यांचे शेवटच्या काही वर्षांतले सगळे फोटो मोबाइलमध्येच राहिले. दिवाळीत नातवंडांबरोबर किल्ल्याला माती लावताना, कपिलेश्वराच्या देवळाबाहेर चप्पल घालताना, असे साधेच. सासूबाईंना मोबाइलवर बोट सरकवत फोटो बघणं जमत नाही. त्यांना अल्बम मांडीवर घेऊन बघायचाय, आल्यागेल्याला दाखवायचाय. चार बाय सहाचे फोटो घरीच काढता आले तर मला ते हळूहळू लावून देता येतील.

खडेबाजारात एकाने टाकीवाला (बाटलीतून शाई ओतायची टाकी असलेला) दाखवला, ‘यातच फोटोपण स्टुडिओसारखे’ म्हणाला. कॉलेज रोडला दुसऱ्याने लेसर घ्या म्हणून सांगितलं. एका मशीनमध्ये दोन्ही नीट होतं का? रोज चार-पाच पानं, परीक्षेच्या दिवसांत जास्त. फोटो अधूनमधून, पण काढायचे तेव्हा एकदम बरेच.

कंग्राळीकर

ताई, टाकीवालाच घ्या की. कार्ट्रिजवाला स्वस्त दिसतो म्हणून त्याच्या नादाला लागू नका, मशीन स्वस्त आणि शाई महाग असा तो व्यवहार असतो. एपसनच्या एल ३२५० ची काळी बाटली ६५ मिलीची, कंपनीच्या हिशेबाने ४५०० पानं. रंगीत तिन्ही मिळून ७५००. कॅननच्या जी ३०१० ची काळी बाटली १३५ मिलीची, तिची ६००० पानं. घरात एवढी पानं निघायला किती काळ जाईल बघा.

एक मात्र बघून घ्या. एल ३२१० दिसायला तसाच असतो, पण त्याला वायफाय नाही. मुलं मोबाइलवरूनच प्रिंट देणार.

चिकोडी_टायपिंग

मी वेगळं सांगतो. आमचं टायपिंगचं आणि झेरॉक्सचं काम, कचेरीच्या जवळच. दिवसभर उतारे, अ‍ॅफिडेव्हिट, अर्ज. कॅननचा एलबीपी २९०० आणि एचपीचा १०२० अशी जुनी लेसर मशीनं आमच्या भागातल्या कितीतरी दुकानांत अजून चालू आहेत. कारण सोपं आहे. लेसरमध्ये ओली शाई नसतेच. टोनरची पावडर ड्रमवरून कागदावर बसते आणि तापलेल्या रोलरखालून जाताना वितळून चिकटते. महिनाभर मशीन बंद ठेवा, काही वाळत नाही, काही तुंबत नाही. छापलेल्या कागदावर पाणी पडलं तरी अक्षर पसरत नाही. १०२० ला लागणारं १२ए कार्ट्रिज सुमारे २००० पानं देतं, तेही पानावर साधारण पाच टक्के शाई धरून. त्या कंपन्यांच्या आकड्यांत हे नेहमी लक्षात ठेवावं, पूर्ण पानभर चित्र काढलं तर आकडा खाली येतो.

पण ताई, फोटोसाठी लेसर घेऊ नका. रंगीत लेसर घेतला तरी फोटो पोस्टरसारखा येतो, चेहऱ्यावर जान येत नाही. आणि इंकजेटचा, म्हणजे ओल्या शाईच्या मशीनचा, चकचकीत फोटो पेपर लेसरमध्ये चुकूनही घालायचा नाही. आतल्या उष्णतेने त्याचा थर वितळून रोलरला चिकटतो.

अजून एक, लेसर घरच्या छोट्या यूपीएसवर लावू नये. रोलर तापवायला सुरुवातीला एकदम भरपूर करंट ओढतो, यूपीएस ट्रिप होतो.

जाई_बेळगुंदी

मोगराताई, फोटोसाठी वेगळं छोटं मशीन घ्यायचा विचार केलाय का? माझ्याकडे कॅननचा सेल्फी म्हणून डबीएवढा प्रिंटर आहे. फक्त पोस्टकार्ड आकाराचे फोटो काढतो. शाई नाही, रिबन असते. फोटो चार वेळा आतबाहेर करतो, पिवळा, किरमिजी, निळा आणि शेवटी वर पारदर्शक थर. त्या थरामुळे ओला हात लागला तरी फोटोला काही होत नाही. वर्षभर कपाटात राहिला आणि काढला तरी पहिलाच फोटो ठणठणीत येतो. १०८ फोटोंचा कागद आणि त्याला पुरेल एवढी रिबन एकाच पाकिटात येते, त्यामुळे एका फोटोला किती पडले ते आधीच कळतं.

उणी बाजू अशी की कागदपत्रांना उपयोग शून्य. आणि ते पाकीट बेळगावात दरवेळी मिळेलच असं नाही, मी ऑनलाइन मागवते.

निपाणीकर

फोटोंसाठी घरी एवढा खटाटोप कशाला? निपाणीत नाहीतर कोल्हापूरला लॅबमध्ये पेनड्राइव्ह द्या, संध्याकाळी पाकीट घ्या. लॅबचा फोटो म्हणजे खरा फोटोग्राफिक पेपर. त्यावर लेसरने उजेड पाडतात, मग केमिकलमध्ये धुतात. तो टिकतो आणि स्वस्तही पडतो. घरी फक्त कागदांसाठी लेसर ठेवा, झालं काम.

मोगरा_अनगोळ

निपाणीकर, तुमचं पटतंय. मोठे, फ्रेमचे फोटो मी लॅबमध्येच करणार. पण अल्बमचं काम मला सासूबाईंबरोबर बसून करायचंय. त्या एक फोटो बघतात, म्हणतात याच्या आधीचा कुठला, ते बाळू मामा होते तो कुठाय. मग तो शोधून लगेच काढून द्यायचा. एकदम तीनशे फोटो आणून दिले तर ती मजा राहणार नाही.

जाई, दोन मशीनं ठेवायला जागा नाही गं. पण हे मशीन बघून ठेवते.

स्टुडिओवाला_शहापूर

ताई, आता मी जरा सविस्तर लिहितो, कारण दुकानात ही गोष्ट कुणी सांगत नाही आणि सगळं तिथेच अडतं.

प्रिंटर बघायला गेलात की पहिला प्रश्न विचारा, काळी शाई कुठली आहे, डाय की पिगमेंट? डायमध्ये रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो. तो कागदाच्या आत मुरतो, म्हणून चकचकीत कागदावर झळाळी येते. पिगमेंटमध्ये रंगाचे बारीक कण असतात, ते कागदाच्या वरच बसतात. म्हणून साध्या कागदावर अक्षर गडद, कडा स्वच्छ, आणि पाणी लागलं तरी फारसं पसरत नाही.

आता घरगुती टाकीवाल्यांत दोन जाती आहेत. एल ३२५० सारख्यात चारही शाया डाय. कॅनन जी ३०१० किंवा एपसन एल ४२६० यांत काळी पिगमेंट, रंगीत तिन्ही डाय. कागदाला दुसरी जात चांगली, यात वाद नाही. एल ४२६० तर पान स्वतःच उलटवून दोन्ही बाजूंना छापतो, मुलांच्या नोट्सना हे फार सोयीचं.

पण फोटोत गंमत अशी होते. पिगमेंट काळी चकचकीत कागदात मुरत नाही, वर राहते, पुसली जाते. म्हणून ग्लॉसी फोटो काढताना ते मशीन काळी शाई वापरतच नाही. निळा, किरमिजी, पिवळा मिसळून काळा तयार करतं. तो काळा थोडा तपकिरी, थोडा फिका दिसतो. आपल्या माणसांच्या फोटोत हे लगेच कळतं, कारण केस काळे, मिश्या काळ्या, इरकलीचा काठ गडद. आकाशाच्या, फुलांच्या फोटोत फरक दिसणार नाही, पण चेहऱ्याभोवती दिसतो.

त्याच्या वरची पायरी म्हणजे सहा शाईचे. एपसन एल ८०५० मध्ये फिका निळा आणि फिका किरमिजी असे दोन जास्त. त्याने गालावरचा, कपाळावरचा उजेड-सावलीचा उतार गुळगुळीत येतो, दाणे दिसत नाहीत. कॅनन जी ६७० मध्ये जास्तीचे दोन म्हणजे लाल आणि करडा. पण एल ८०५० ला स्कॅनर नाही, म्हणजे झेरॉक्स होणार नाही. जी ६७० ला स्कॅनर आहे.

तुम्ही एक करा. सासऱ्यांचा एखादा फोटो घ्या ज्यात काळे केस, गडद साडी असं काहीतरी आहे. मोबाइलमध्ये घेऊन दुकानात जा आणि दोन्ही जातींच्या मशीनवर ग्लॉसी कागदावर काढून मागा. कागद स्वतःचा न्या. आणि एक उताऱ्याचं पानही काढा. शेजारी शेजारी ठेवून बघा. जाहिरातीतले ५७६० डीपीआय (एका इंचात किती ठिपके) वगैरे आकडे बाजूला राहू द्या, चार बाय सहाच्या फोटोला १२०० बाय १८०० पिक्सेल असले की बास.

खानापूरचा_मास्तर

स्टुडिओवाले काका, उत्तम सांगितलंत. मी त्यात आमच्या हवेची गोष्ट घालतो.

आमच्याकडे जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात कागद म्हणजे ओली पोळी. उघड्या रिममधला कागद हवेतलं पाणी पितो, मऊ पडतो, कडा वळतात, दोन-दोन पानं एकदम ओढली जातात आणि मशीनमध्ये अडकतात. लोक मशीनला दोष देतात. मी रिम उघडली की उरलेला गठ्ठा झिपच्या पिशवीत घालतो, ट्रेमध्ये लागतील तेवढीच पानं ठेवतो. फोटो पेपर तर त्याच्या पाकिटाबाहेर कधीच ठेवू नका.

उन्हाळ्यात उलट. मार्च ते मे हवा कोरडी, शाळेला सुट्टी, मशीन बंद, आणि जूनमध्ये निळ्याच्या जागी पट्टे. नोझल, म्हणजे शाई उडवणारी बारीक छिद्रं, वाळून बसतात. म्हणून आठवड्यातून एकदा तरी चारही रंग असलेलं एक छोटं पान काढायचं. फक्त काळी पानं काढत राहिलात तर रंगीत नोझल वाळतातच, हे पुष्कळांना माहीत नसतं.

आणि माझं मत पिगमेंट काळीकडे आहे. मुलांच्या दप्तरात पाण्याची बाटली सांडते. डायच्या शाईने काढलेली कार्यपत्रिका अर्धी वाहून जाते. शाळेच्या, शेतीच्या कागदाला पक्की शाई पाहिजे.

कंग्राळीकर

मास्तर, पट्टे आले की हेड क्लीनिंग, म्हणजे नोझल असलेल्या भागाची मशीनकडूनच सफाई, करत बसतो मी. ते चालतं ना?

स्टुडिओवाला_शहापूर

आधी नोझल चेक काढा. त्यात रेघा तुटलेल्या दिसल्या तरच एकदा-दोनदा क्लीनिंग. तरी नाही आलं तर मशीन काही तास तसंच सोडा, मग परत बघा. लागोपाठ करत राहिलं की शाई वाया जाते, आणि ती सगळी मशीनच्या पोटातल्या शाई शोषणाऱ्या पॅडमध्ये जाते. पॅड भरला असं मोजणीने ठरलं की मशीन थांबतं. काही नव्या मॉडेलांत तो पॅडचा डबा आपणच बदलू शकतो, घेताना विचारून घ्या. बिनकडेचे फोटो काढताना कागदाबाहेर जी शाई उडते तीही अशाच पॅडमध्ये मुरते.

हेडचंही सांगतो. एपसनमध्ये करंट दिला की वाकणारा एक बारीक स्फटिक शाई ढकलतो, उष्णता नाही. हेड मशीनमध्ये पक्का बसवलेला, सहसा टिकतो, पण गेला तर बदलणं महाग. कॅनन जी ३०१० मध्ये शाई क्षणभर तापवून बुडबुड्याने ढकलतात. तिथे हेड आपण घरी काढून नवीन घालू शकतो. पण टाकी रिकामी ठेवून छापत राहिलात तर असा हेड जळतो. टाकीतली खालची रेघ ओलांडू द्यायची नाही.

चिकोडी_टायपिंग

मुलं शाळेतून फाइल आणतात आणि घरी काढली की सगळी अक्षरं गचाळ, ही तक्रार आमच्याकडे रोज येते. ती मशीनची चूक नसते. कन्नडची फाइल नुडीत टाइप केलेली असते, मराठीची श्रीलिपीत. तो फॉन्ट आपल्या कॉम्प्युटरवर नसेल तर मजकुराच्या जागी कसलीही चिन्हं दिसतात. जिथे टाइप केलं तिथूनच पीडीएफ करून आणायला सांगा. पीडीएफ मोबाइलवरून काढली तरी हुबेहूब येते.

मोगरा_अनगोळ

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांनी सांगितलं तसं केलं. मुलीला बरोबर घेऊन गेले. सासऱ्यांचा आणि सासूबाईंचा एकत्र फोटो नेला, त्यांच्या हिरव्या इरकलीचा काठ काळपट आहे आणि सासऱ्यांनी काळी टोपी घातलीय. दुकानदारांनी कुरकुर न करता दोन्ही मशीनवर काढून दिला.

पिगमेंटवाल्यावर टोपी गडद चॉकलेटी आली. वाईट नव्हती, एकटी बघितली असती तर कळलंही नसतं. पण शेजारी दुसरा फोटो ठेवला आणि मुलगी म्हणाली, ‘आबांची टोपी ही आहे.’ टोपीवरची दुमड, कानामागचे केस, सगळं स्पष्ट होतं. मग उताऱ्याची दोन पानं काढली आणि ओल्या बोटाने घासली. तिथे बरोबर उलटं. डायचं अक्षर निळसर होऊन पसरलं, पिगमेंटचं तसंच राहिलं.

घरी आणून दोन्ही फोटो सासूबाईंच्या हातात दिले, कुठला कशावर काढलाय ते सांगितलं नाही. त्यांनी टोपी काळी असलेला ठेवून घेतला.

म्हणून चारही डायवाला घ्यायचं ठरतंय. नाडकचेरीचा मूळ दाखला तिथूनच छापून मिळतो, आम्ही देतो त्या प्रती. त्या प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये घालून न्यायच्या. मास्तर, तुमचं म्हणणं डोक्यात आहे, दप्तरातल्या नोट्ससाठी पण फोल्डर घेईन.

आता दोन शंका. कागद कुठला घेऊ? आणि सासूबाईंच्या लग्नाचा एकच कृष्णधवल फोटो आहे, फ्रेमच्या काचेला चिकटलाय. तो स्कॅन होईल का?

स्टुडिओवाला_शहापूर

आधी जुना फोटो. काचेपासून ओढू नका. जुन्या फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो, दमट हवेत तो काचेला धरतो, ओढलात की चेहरा काचेवर राहतो. काचेसकटच ठेवा. फ्रेमची मागची पुठ्ठ्याची बाजू काढून, काच पुसून, दिवसा खिडकीजवळ सावलीत सपाट ठेवा आणि वरून मोबाइलने सरळ फोटो घ्या. काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसत असेल तर मोबाइलच्या मागे, आपल्या बाजूला, काळं कापड धरा. या घरगुती मशीनचा स्कॅनर काचेला अगदी टेकलेल्या वस्तूलाच स्पष्ट पकडतो, थोडं अंतर पडलं की धूसर. म्हणून फ्रेममधल्या फोटोला मोबाइल बरा. सुटे जुने फोटो मात्र स्कॅनच करा, ६०० डीपीआयवर.

कागदात, बाजारात १८० जीएसएमचा (हा कागदाच्या वजनाचा आकडा, जास्त म्हणजे जाड) ग्लॉसी, म्हणजे चकचकीत, सगळीकडे मिळतो. मुलांच्या प्रोजेक्टला तो ठीक. अल्बमसाठी २६०-२७० जीएसएमचा, ज्याला आरसी म्हणतात तो मागा. त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, हाताला लॅबच्या फोटोसारखा लागतो आणि वळत नाही. छापताना कागदाचा प्रकार ग्लॉसी फोटो पेपर असा निवडायचा. तो साधा कागदच ठेवला तर शाई त्या हिशेबाने पडते आणि फोटो मळकट येतो. पुष्कळ लोक इथेच फसतात आणि मशीन खराब म्हणतात.

मोबाइलचा फोटो चारास तीन या प्रमाणात असतो, चार बाय सहाचा कागद जास्त लांबट. आपोआप भरायला सोडलं तर टोपी किंवा पाय कापले जातात. आधी मोबाइलवरच फोटो स्वतः कापून (क्रॉप करून) बघा, मग द्या. नातेवाइकांकडून फोटो मागवताना व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर तो बारीक करून येतो.

काढलेला फोटो लगेच अल्बमच्या खिशात सरकवू नका. एक दिवस पंख्याच्या झोतापासून लांब, उघडा वाळू द्या. आणि डायचा फोटो खिडकीसमोरच्या भिंतीवर लावू नका, उन्हाने आणि हवेने रंग उडतो. अल्बममध्ये बंद राहिला तर बराच टिकतो.

निपाणीकर

ताई, तो लग्नाचा फोटो मोबाइलने घेतलात की मोठा मात्र लॅबमध्येच काढा. भिंतीवर राहणार आहे तो.

मोगरा_अनगोळ

हो, ते नक्की. पासपोर्ट साइजचे पण यावर निघतील ना? दर महिन्याला कुणालातरी लागतात.

जाई_बेळगुंदी

निघतात की. ३५ बाय ४५ मिलिमीटरचे आठ एका चार बाय सहावर बसतात. पांढऱ्या भिंतीपुढे, भिंतीपासून थोडं पुढे उभं करा, म्हणजे मागे सावली पडत नाही.

चिकोडी_टायपिंग

मशीन घरी आलं की पहिल्यांदा शाई भरताना एक काळजी घ्या. बाटल्या टाकीत ओतल्यावर ते दहा-एक मिनिटं नळ्यांमधून शाई ओढत बसतं. तेवढ्यात करंट गेला तर काम अर्धवट राहतं. हेस्कॉमचा (वीज कंपनीचा) मेंटेनन्स असतो तो दिवस टाळा, पाऊस-वारा नसताना भरा. त्या पहिल्या भरणीत बरीच शाई नळ्यांतच राहते, म्हणून पहिल्या बाटलीला पानं कमी आली तर घाबरू नका, दुसऱ्या बाटलीपासून हिशेब लागतो. आणि बंद करताना भिंतीवरचं बटण आधी दाबू नका, मशीनचं बटण दाबून हेड जागेवर जाऊन झाकू द्या, मग भिंतीवरचं.